मारक चेंडूचे स्थाननियमन आणि तीव्र फिरकी

पूल, स्नूकर व बिलियर्ड्‌स या टेबलावरील खेळांत लक्ष्य चेंडू खिशात घालणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम म्हणजे तो चेंडू गेल्यावर मारक चेंडू अशा जागी थांबविणे, की जेथून पुढचा फटका सुकर होईल. या दुसऱ्या कामास स्थाननियमन असे म्हणता येईल. प्रेक्षकांचे लक्ष पहिल्या कामाकडे असते. जाणत्या खेळाडूचे दुसऱ्याकडे. स्थाननियमनासाठी मारक चेंडूस फिरकी द्यावी लागते, आणि फिरकी जितकी अधिक तितके कौशल्य अधिक, असा एक समज नवशिक्या खेळाडूंत रूढ आहे. हा समज यामिकीच्या कसोटीवर कितपत उतरतो, तीव्र फिरकी कोठे खरोखर उपयोगी पडते आणि कोठे ती केवळ दिखाऊ ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लागणारे गणित पदवी परीक्षेच्या पलीकडचे नाही. मात्र त्यातून निघणारे निष्कर्ष प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटावेत असे आहेत.

विषयाची पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्यातील वाचकास या विषयाचे एक टोक फारसे दूर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून बालाघाट व नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. आता तो रुंदमापी झाला आहे. या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जबलपूर छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने बिलियर्ड्‌सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर हा खेळ सिद्ध केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे उटकमंड येथील क्लबात त्याचे नियम निश्चित झाले. महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्ता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्‌सचे विजेतेपद मिळविले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा संपादन केले. मुंबईचे मायकेल फेरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ या वर्षी हाच मान मिळविला.

फिरकीचा शास्त्रीय इतिहास याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे असे. चेंडूच्या मध्याबाहेर आघात केला की ते घसरे. फ्रान्समधील मिंगो नावाच्या सैन्याधिकाऱ्याने त्या टोकावर चामड्याची टिकली बसविली, पुढे तिला खडू लावण्याची प्रथा पडली, आणि मध्याबाहेरचा आघात शक्य झाला. फिरकीचे संपूर्ण युग या चामड्याच्या लहानशा टिकलीवर उभे आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यानंतर १८३५ साली गास्पार कोरिओलिस याने बिलियर्ड्‌सच्या खेळाचे गणिती विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. परिवलन करणाऱ्या चौकटीतील ज्या प्रेरणेस आज कोरिओलिसचे नाव दिले जाते, तिच्यासंबंधीचा त्याचा निबंधही त्याच वर्षीचा आहे. खेळाच्या टेबलाकडे त्याने किती गंभीरपणे पाहिले होते हे यावरून ध्यानात येईल.

कॅरमची सोंगटी व बिलियर्ड्‌सचा चेंडू

विदर्भात पूलच्या टेबलापेक्षा कॅरमचा फळा कितीतरी अधिक परिचित आहे. म्हणून प्रथम या दोहोंतील भेद पाहणे इष्ट ठरेल. कॅरमचा स्ट्रायकर ही सपाट तळाची चकती असते. ती फळ्यावर घसरते, लोळत नाही. तिला स्वतःभोवती गरगर फिरविले तरी ती एकाच अक्षाभोवती, म्हणजे फळ्याशी लंब असलेल्या अक्षाभोवती फिरते. तळाच्या सर्व भागांवर दाब सारखा असेल, तर अशा फिरण्याने चकतीचा मार्ग वळत नाही. ती सरळ रेषेतच मंदावत जाते. फिरण्याचा परिणाम जाणवतो तो चकती चौकटीवर किंवा दुसऱ्या सोंगटीवर आदळते तेव्हा.

चेंडूचे तसे नाही. तो टेबलाला एकाच बिंदूत स्पर्श करतो आणि कोणत्याही अक्षाभोवती फिरू शकतो. त्याच्या फिरकीचे तीन घटक कल्पिता येतात. पहिला, प्रवासाच्या दिशेशी काटकोनात असलेल्या आडव्या अक्षाभोवतीचा. यातून सुलट अथवा उलट फिरकी निर्माण होते. दुसरा, उभ्या अक्षाभोवतीचा. ही बाजूची फिरकी होय. तिसरा, प्रवासाच्या दिशेलाच समांतर असलेल्या आडव्या अक्षाभोवतीचा. यामुळे चेंडूचा मार्ग वक्र होतो. भोवरा एकाच जागी उभा राहून फिरतो, पण जमिनीवर आडवा पडताच पळत सुटतो, ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. उभ्या व आडव्या अक्षांवरील फिरकीत जो मूलभूत भेद आहे तो याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. कॅरमच्या चकतीजवळ केवळ दुसरा घटक असतो. पूलमधील मारक चेंडू आघातानंतर मागे फिरतो, पुढे धावतो किंवा कमानीसारखा वळतो, ते उरलेल्या दोन घटकांमुळे.

घसरण आणि लोळण

क्यूचा आघात एक-दोन सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत चेंडूस जो वेग व जी फिरकी मिळते, ती त्याची प्रारंभीची पुंजी. त्यानंतर खेळाडूचा त्याच्यावर काही अधिकार उरत नाही. अधिकार चालतो तो टेबलावरील बनातीच्या घर्षणाचा.

भरीव गोलाचे निरूढी परिबल, त्याचे वस्तुमान व त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या दोनपंचमांश असते. यावरून असे सिद्ध होते की, क्यूचा आडवा आघात मध्यबिंदूच्या वर त्रिज्येच्या दोनपंचमांश उंचीवर, म्हणजे टेबलापासून व्यासाच्या सातदशांश उंचीवर झाला, तर चेंडू पहिल्या क्षणापासूनच न घसरता लोळू लागतो. आघात याहून वर झाला तर सुलट फिरकी अधिक होते. खाली झाला तर चेंडू काही अंतर घसरतो. मध्याच्याही खाली झाला तर उलट फिरकी मिळते. चेंडूच्या पृष्ठाचा फिरकीमुळे येणारा वेग, म्हणजे त्रिज्या व कोनीय वेग यांचा गुणाकार, यास येथे परिघवेग म्हटले आहे. आघातबिंदूचे मध्यापासूनचे अंतर त्रिज्येच्या ज्या प्रमाणात असेल, त्याच्या अडीचपट प्रमाणात परिघवेग रेषीय वेगाशी असतो. आघात अर्ध्या त्रिज्येइतका खाली झाल्यास परिघवेग रेषीय वेगाच्या सव्वापट होतो. खडू लावलेले टोक साधारणतः याच मर्यादेपर्यंत चेंडूवर टिकते. त्यापलीकडे ते निसटते. पूलच्या चेंडूचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर असतो. म्हणजे खेळाडूच्या स्वाधीन असलेले क्षेत्र मध्यापासून जेमतेम १४ मिलिमीटरचे आहे. ‘तीव्र’ फिरकी म्हणजे या क्षेत्राच्या काठावरचा आघात होय.

चेंडू घसरत असताना स्पर्शबिंदूचा बनातीच्या संदर्भातील वेग, म्हणजे घसरणवेग, शून्य नसतो. घर्षण या घसरणवेगाच्या विरुद्ध दिशेने कार्य करते आणि तो शून्यावर आणते. मग चेंडू लोळू लागतो. लोळण सुरू होतेवेळी चेंडूचा वेग हा प्रारंभीच्या वेगाचा पाचसप्तमांश अधिक प्रारंभीच्या परिघवेगाचा दोनसप्तमांश इतका असतो; परिघवेग प्रवासाच्या दिशेला अनुकूल असेल तर धन, प्रतिकूल असेल तर ऋण धरावा. पुढील सर्व विवेचन या एका नियमाचा विस्तार आहे.

उलट फिरकीचे आयुष्य

सरळ समोरासमोरच्या टकरीत समान वस्तुमानाचे चेंडू आपले वेग बदलून घेतात. मारक चेंडू क्षणभर जागीच थांबतो. परंतु चेंडू अतिशय गुळगुळीत असल्याने या टकरीत त्याची फिरकी जवळजवळ तशीच राहते. थांबलेल्या पण फिरत्या चेंडूस मग घर्षण ढकलू लागते, ओल्या रुळावर जागीच गरगरणाऱ्या इंजिनाच्या चाकांना रुळाची पकड मिळताच गाडी हलावी तसे. टकरीच्या क्षणी जेवढा परिघवेग शिल्लक असेल त्याच्या दोनसप्तमांश वेगाने चेंडू मागे अथवा पुढे लोळू लागतो. मागे आणण्याचे सारे सामर्थ्य अशा रीतीने टकरीच्या क्षणी शिल्लक असलेल्या उलट फिरकीत असते. आघाताच्या क्षणी किती फिरकी दिली, हा प्रश्न दुय्यम आहे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते आकड्यांवरून कळेल. चेंडू व बनात यांचा घर्षणांक ०·२ धरल्यास घसरणाऱ्या चेंडूचे मंदन दर सेकंदास सुमारे २ मीटर प्रतिसेकंद होते, तर परिघवेगातील बदल त्याच्या अडीचपट, म्हणजे ५ मीटर प्रतिसेकंद होतो. फिरकी वेगापेक्षा अडीचपट त्वरेने झिजते असा याचा अर्थ. आता लक्ष्य चेंडू १ मीटर दूर आहे आणि मारक चेंडूवर अर्ध्या त्रिज्येइतका खाली, म्हणजे मर्यादेच्या काठावर आघात केला आहे असे समजू.

प्रारंभीचा वेग ४ मीटर प्रतिसेकंद असेल, तर उलट परिघवेग ५ मीटर प्रतिसेकंद होतो. एक मीटर जाण्यास सुमारे ०·२७ सेकंद लागतात. तोवर परिघवेग ३·७ वर येतो, आणि टकरीनंतर चेंडू मीटरभर प्रतिसेकंद वेगाने मागे परततो. फटका यशस्वी होतो.

प्रारंभीचा वेग २ मीटर प्रतिसेकंद असेल, तर उलट परिघवेग २·५ मीटर प्रतिसेकंद होतो. तो अर्ध्या सेकंदात, ७५ सेंटिमीटर अंतरावर पूर्णपणे नाहीसा होतो. पुढे ८७ सेंटिमीटरच्या सुमारास चेंडू चक्क पुढच्या दिशेने लोळू लागतो, आणि मीटरभर दूरच्या चेंडूवर तो सुलट फिरकी घेऊनच पोहोचतो. मागे येण्यासाठी मारलेला चेंडू लक्ष्य चेंडूच्या पाठोपाठ पुढे जातो, आणि खिसा जवळ असल्यास त्यात पडतोही. दोन्ही वेळी क्यू एकाच जागी लागला होता. खालून मारण्यात काही कसूर नव्हती. चुकला तो वेगाचा अंदाज. ‘आपण खालीच मारले होते’ अशी नवशिक्याची तक्रार असते. ती बहुधा खरी असते, आणि तरीही निरुपयोगी असते.

तिरप्या टकरीनंतरचा मार्ग

लक्ष्य चेंडू तिरपा कापावयाचा असेल, तर टकरीनंतर मारक चेंडू प्रथम लक्ष्य चेंडूच्या दिशेशी काटकोन करून निघतो. त्याच्याजवळ आडव्या अक्षाची फिरकी मुळीच नसेल तर तो याच स्पर्शरेषेवर राहतो. फिरकी असेल तर तो या रेषेपासून वळतो. सुलट फिरकीने पुढे आणि उलट फिरकीने मागे. अंतिम दिशा काढण्याची रीत सोपी आहे. टकरीनंतरच्या वेगाचे पाचसप्तमांश स्पर्शरेषेवर घ्यावेत, परिघवेगाचे दोनसप्तमांश मूळ प्रवासाच्या रेषेवर घ्यावेत, आणि दोन्ही सदिशांची बेरीज करावी.

स्वाभाविकपणे लोळत आलेल्या चेंडूस हा नियम लावल्यास एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. अर्धा चेंडू झाकला जाईल अशी टक्कर झाल्यास मारक चेंडू आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३४ अंश वळतो. टक्कर पाऊण चेंडूची असो वा पाव चेंडूची, हे वळण २७ अंशांच्या खाली जात नाही. कापण्याचा कोन १४ अंशांपासून ४८ अंशांपर्यंत बदलत असताना मारक चेंडूची दिशा मात्र केवळ सात अंशांच्या पट्ट्यात राहते. लोळणारा चेंडू खेळाडूची चूक अशा प्रकारे पोटात घालतो. कसलेले खेळाडू या ‘नैसर्गिक कोना’वर विसंबतात त्याचे कारण हे आहे.

उलट फिरकी घेऊन आलेल्या चेंडूस ही सवलत नाही. परिघवेग रेषीय वेगाइतका, पण उलट असेल, तर अर्ध्या चेंडूच्या टकरीनंतर मारक चेंडू मूळ दिशेशी सुमारे १०९ अंशांचा कोन करून मागे वळतो. दिसावयास हे मनोहर असते. परंतु हे वळण स्पर्शरेषेपासून एकाएकी घडत नाही. घसरण संपेपर्यंत चेंडू अन्वस्ताच्या कमानीवरून जातो. घसरणवेगाचे मान कमी होत असले तरी त्याची दिशा बदलत नाही. त्यामुळे घर्षणाची प्रेरणा स्थिर मानाची व स्थिर दिशेची राहते, आणि फेकलेल्या दगडाप्रमाणे चेंडूचा मार्ग अन्वस्त होतो. ही कमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पसरते. वेग दुप्पट केल्यास अंतिम दिशा तीच राहते, पण कमान चौपट मोठी होते, आणि चेंडू अपेक्षित रेषेपासून दूरच्या समांतर रेषेवर जातो. मधे दुसरा चेंडू उभा असल्यास हा फरक निर्णायक ठरतो.

बाजूची फिरकी

बाजूच्या फिरकीविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत. क्यू आडवा धरून चेंडूच्या डाव्या अथवा उजव्या अंगाला आघात केल्यास चेंडू टेबलावर वळत नाही. उभ्या अक्षाच्या फिरकीने स्पर्शबिंदूस घसरणवेग मिळत नाही. ही फिरकी कामास येते ती कुशनवर. कुशनला चेंडू लागताच त्याचा फिरता पृष्ठभाग कुशनच्या कडेवर पकड घेतो, आणि परावर्तनाचा कोन उघडतो किंवा मिटतो. चेंडू ज्या अंगाला निघाला असेल त्याच अंगाला फिरकी असेल तर तो कुशनवरून धाव घेतो. विरुद्ध असेल तर थबकतो. शिवाय बनातीशी असलेला स्पर्श अत्यल्प क्षेत्राचा असल्याने ही फिरकी फार सावकाश झिजते. चेंडूचा वेग उतरत जातो आणि फिरकी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून दूरच्या प्रवासानंतर, दुसऱ्या व तिसऱ्या कुशनवर तिचा परिणाम सापेक्षतः वाढलेला आढळतो. टेबलाच्या एका टोकाकडून तीन कुशन घेऊन मारक चेंडू दुसऱ्या टोकाला आणण्याचे जे फटके डोळ्यांचे पारणे फेडतात, त्यांचे रहस्य हे आहे.

परंतु या लाभाची किंमत मोजावी लागते, आणि ती तीन प्रकारची असते. पहिली, आघाताच्या क्षणी क्यूचे टोक बाजूला ढकलले जाते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू फिरकीच्या विरुद्ध अंगाला किंचित सरकून निघतो. हा अपसरणकोन लहान असतो. पण तो १ अंशाचाच धरला तरी मीटरभर अंतरावर मारक चेंडू १७·५ मिलिमीटर बाजूला जातो, आणि समोरासमोर व्हावयाची टक्कर जवळजवळ १८ अंश कापली जाते. दुसरी किंमत अशी, की प्रत्यक्षात क्यू संपूर्ण आडवा क्वचितच असतो. त्याची मागची बाजू थोडी उचललेली असते. त्यामुळे फिरकीचा तिसरा घटकही चेंडूत शिरतो, आणि चेंडू मार्गात हळूहळू फिरकीच्या अंगाकडे वळतो. तिसरी किंमत टकरीच्या वेळी द्यावी लागते; दोन चेंडूंमधील अल्प घर्षणामुळे लक्ष्य चेंडूही आपल्या रेषेपासून काही अंश ढळतो. या तीन चुका कधी परस्परांना खोडतात, कधी एकत्र येतात. अनुभवी खेळाडू त्यांची भरपाई करतो. ही भरपाई मात्र वेग, अंतर, क्यू व बनात यांपैकी एक बदलले तरी बदलते.

उभ्या क्यूचा फटका

तिसऱ्या घटकाचा हेतुतः वापर क्यू जवळजवळ उभा धरून मारलेल्या फटक्यात होतो. आडव्या आलेल्या चेंडूस वळसा घालून पलीकडच्या चेंडूस स्पर्श करणे, हे त्याचे प्रयोजन. याविषयी कोरिओलिसने एक सुंदर नियम दिला आहे. क्यूची रेषा चेंडूतून पुढे वाढविल्यास ती बनातीस ज्या बिंदूत भेटते तो बिंदू ध्यानात घ्यावा. चेंडू बनातीवर ज्या बिंदूत टेकला आहे तेथून त्या बिंदूपर्यंत रेषा काढावी. घसरण संपल्यावर चेंडू ज्या दिशेने लोळेल, ती दिशा या रेषेस समांतर असते. फटक्याचा जोर किती, घर्षणांक किती, याचा या दिशेशी संबंध नाही.

नियमाची ही निरपेक्षता मोह पाडणारी आहे. तथापि ती केवळ दिशेपुरती आहे, स्थानापुरती नाही. वळण कोठे सुरू होईल आणि कोठे संपेल, हे जोर व घर्षण यांवरच ठरते. म्हणून अपरिचित टेबलावर हा फटका बहुधा दिशेने बरोबर आणि स्थानाने चुकीचा पडतो.

चुकीचा गुणाकार

तीव्र फिरकीविरुद्धचा मुख्य आक्षेप येथे येतो. वर ४ मीटर प्रतिसेकंद वेगाचा जो उलट फिरकीचा फटका घेतला, त्यात क्यूचे टोक २ मिलिमीटर वर लागले असे समजू. प्रारंभीचा परिघवेग ५ ऐवजी ४·३ होतो. मार्गातील झीज दोन्ही वेळी सारखीच, सुमारे १·३. म्हणून टकरीच्या क्षणी ३·७ ऐवजी ३ शिल्लक राहतो. लोळत्या चेंडूचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने परतीचे अंतर जवळजवळ एकतृतीयांशाने घटते. दीड मीटर मागे यावयाचा चेंडू मीटरभरच येतो. उलटपक्षी, प्रारंभापासून लोळणाऱ्या चेंडूवर तीच २ मिलिमीटरची चूक झाली, तर टकरीपूर्वी पुन्हा लोळण प्रस्थापित होते, दिशा बिघडत नाही, आणि अंतरात सुमारे एकदशांशाचाच फरक पडतो. चूक एकच, परंतु एक फटका तिला वाढवितो आणि दुसरा तिला दडपतो.

हवामानाचाही येथे विचार केला पाहिजे. बनात लोकरीची असते आणि लोकर हवेतील ओलावा शोषते. गोंदियासारख्या पूर्व विदर्भातील ठिकाणी मे महिन्यातील हवा कोरडी व तापलेली असते, आणि पावसाळ्यात सर्व काही सादळते. दमट बनातीवर चेंडू जड चालतो आणि त्याची घसरण लवकर संपते. मे महिन्यात हाताला बसलेला तीव्र फिरकीचा अंदाज श्रावणात फसतो, यात खेळाडूच्या हाताचा दोष नसतो. मोठ्या स्पर्धांत स्नूकरच्या टेबलाची पाटी खालून उबदार ठेवतात, त्याचे एक कारण हेच होय. लोळणाऱ्या चेंडूचे अंतरही दमट हवेत कमी होते. पण त्याचा नैसर्गिक कोन ढळत नाही, कारण त्या कोनाच्या सूत्रात घर्षणांक येतच नाही.

तीव्र फिरकीचे योग्य स्थान

यावरून तीव्र फिरकी त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल. मारक चेंडू, लक्ष्य चेंडू व खिसा एका सरळ रेषेत असतील, तर स्पर्शरेषेवर जाण्यास वेगाचा घटकच उरत नाही. मारक चेंडूस हलविण्यास फिरकीवाचून उपाय नसतो. लक्ष्य चेंडू कुशनला लागून असेल, किंवा नैसर्गिक मार्गावर दुसरा चेंडू उभा असेल, तेव्हाही तीव्र फिरकी अपरिहार्य होते. अशा वेळी तिचा अवलंब न करणारा खेळाडू सावध नसून अपुरा असतो.

प्रश्न एवढाच उरतो, की अशी वेळ आली कशी. एक फटका मागे गेल्यास बहुधा असे दिसते, की त्या वेळी मारक चेंडू दहा-पंधरा अंशांचा कोन राखून थांबविला असता, तर पुढचे काम नैसर्गिक लोळणीने झाले असते. म्हणून स्थाननियमनाचा विचार एका चेंडूपुरता करून भागत नाही. तिसऱ्या चेंडूसाठी दुसऱ्यावर कोणता कोन हवा, आणि तो मिळावा म्हणून पहिल्यावरून कोठे यावे, असा उलट क्रमाने तो करावा लागतो. तीव्र फिरकीचा नेत्रदीपक फटका हे पुष्कळदा आदल्या फटक्यातील चुकीचे प्रायश्चित्त असते. टाळ्या प्रायश्चित्तास मिळतात. चूक कोणाच्या ध्यानात राहत नाही. बिलियर्ड्‌समधील मोठ्या गुणसंख्येचे डाव याचीच साक्ष देतात. तेथे तीनही चेंडू टेबलाच्या वरच्या भागात एकत्र राखून अगदी हलक्या, जेमतेम दिसणाऱ्या फिरकीने शेकडो गुण जमविले जातात. आणि पाहणारास वाटते की या खेळात अवघड असे काही नाहीच.

एक साधा प्रयोग

या विवेचनाची पडताळणी पदव्युत्तर विद्यार्थ्यास फारशा साधनांवाचून करता येईल. पूलच्या संचातील पट्टेदार चेंडू मारक चेंडू म्हणून घ्यावा आणि पट्टा प्रवासाच्या दिशेशी काटकोनात, आडवा ठेवावा, म्हणजे चेंडूचे फिरणे स्पष्ट दिसते. मध्याच्या खाली ठराविक अंतरावर क्यू लागेल अशी खूण करावी आणि लक्ष्य चेंडू निरनिराळ्या अंतरांवर ठेवावा. भ्रमणध्वनीच्या मंदगती चित्रणावरून, म्हणजे दर सेकंदास २४० चित्रे घेऊन, प्रारंभीचा वेग काढता येतो. ज्या अंतरावर मारक चेंडू टकरीनंतर मागेही येत नाही व पुढेही जात नाही, ते अंतर नोंदवावे. आघात अर्ध्या त्रिज्येइतका खाली असेल तर हे अंतर, वेगाच्या वर्गास घर्षणांक व गुरुत्वप्रवेग यांच्या गुणाकाराने भागून येणाऱ्या राशीच्या तीनअष्टमांश असते. यावरून बनातीचा घर्षणांक निघतो. हाच प्रयोग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, त्याच टेबलावर, करून पाहिल्यास हवामानाचा परिणाम अंकांत मांडता येईल. पूर्व विदर्भातील ऋतुमान या तुलनेस विशेष अनुकूल आहे.

फिरकी कोठे संपते, हे ज्याने एकदा असे मोजून पाहिले, त्यास ती कोठे सुरू करावी हे निराळे शिकवावे लागणार नाही.